शुश्रूषागृहावरील दावे



या व्यासपीठावर माझ्या आधी मोठमोठे विद्वान बोलून गेले. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. कायदा म्हणून मला जे काही समजते ते कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहताना समजलेले आहे. तेव्हा वकील मंडळींनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधला एक फिटर माझ्याकडे आला. त्याची बायको गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी एका शुश्रूषागृहात, म्हणजे आपण ज्याला नर्सिंग होम म्हणतो तेथे, दाखल झाली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली असे संध्याकाळी सांगितले गेले आणि पहाटे ती गेली. त्याच्या हातात दोनच कागद होते, एक बिल आणि एक मृत्यूचा दाखला. म्हणाला, "भाऊ, रात्री काय झालं एवढंच मला कळू द्या. पैशाचं नंतर बघू."

आम्ही केसपेपर मागितले. वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यावयाचे असतात. मिळाले पाच महिन्यांनी. त्यात रात्री दहापासून पहाटे चारपर्यंतची दर तासाची नाडी आणि रक्तदाब एकाच शाईत, एका बैठकीत लिहावेत तसे लिहिलेले होते. कारखान्यात हजेरीपट मागाहून भरलेला मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. तो ओळखता येतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याच्या इस्पितळात आणले. अपघातानंतर तीन दिवसांत तो गेला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात संपला तो १९६८ साली, आणि भरपाई ठरली ३,००० रुपये. डॉक्टर बापाला पंधरा वर्षे लागली, मग फिटर नवऱ्याचे काय?

पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि पैसे घेऊन केलेले उपचार त्यात मोडतात, असे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. २०१९ च्या नव्या कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. निकाल तीन महिन्यांत द्यावा, असेही त्यात लिहिले आहे. (हे वाचून मी मोठ्याने हसलो होतो.) तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची, आणि पाच महिने कागदांतच गेले.

माझा खरा आक्षेप निराळाच आहे. १९२३ साली, इंग्रजी अमलात, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. यंत्रात अंगठा गेला तर किती टक्के, तर्जनी गेली तर किती टक्के, असा त्यात तक्ताच होता. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर नव्हते. काम करताना इजा झाली एवढे पुरे होते. शंभर वर्षांपूर्वी आपण यंत्रासमोरच्या माणसाला जे दिले ते भूल देऊन निजविलेल्या बाईला अजून दिलेले नाही. तिच्या माणसांनी निष्काळजीपणा सिद्ध करावयाचा, आणि पुरावा कोठे, तर प्रतिपक्षाच्या कपाटात! न्यायालयाला हे दिसले नाही असे नाही. प्राथमिक पुरावा आला की खुलासा इस्पितळानेच केला पाहिजे, असे २००४ साली, आणि प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत मागू नये, असे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. परंतु ते निकाल माहीत असलेला वकील फिटरला परवडावा लागतो.

येथे मला एक अडचण सांगितली पाहिजे. त्या शुश्रूषागृहातील रात्रपाळीची परिचारिकाही आमच्या युनियनची सभासद. नोटीस पोचताच मालकांनी तिलाच दोषी ठरवून काढून टाकले. त्या रात्री दोन मजल्यांवर ती एकटी होती. म्हणजे एक सभासद दाद मागतो आणि खापर फुटते दुसरीच्या डोक्यावर. मी दोघांचाही कार्यकर्ता! दोन रात्री मला झोप आली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की भरपाई आणि दोषी शोधणे या गोष्टी वेगळ्या कराव्यात. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाताची भरपाई सरकारी निधीतून मिळते. त्याबदल्यात भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क सोडावा लागतो. २००५ पासून तेथे उपचारातून झालेल्या इजेसाठीही डॉक्टरची चूक दाखवावी लागत नाही. दाव्याचा हक्क सोडणे मला मान्य नाही. गरिबाच्या हाती ती एकच काठी आहे. पण निधी हवा. आपल्याकडे शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याने होते. नोंदणीच्या वेळी खाटेमागे वर्गणी घ्यावी आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तातडीची रक्कम त्यातून द्यावी. केसपेपरची प्रत त्याच दिवशी द्यावी. न दिल्यास न्यायाधिकाऱ्याने शुश्रूषागृहाविरुद्ध गृहीत धरावे. आणि रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, याचा जबाब मालकाकडून घ्यावा.

डॉक्टर मंडळी म्हणतात, तालुक्याच्या गावी नवराबायको डॉक्टर मिळून दहा खाटा चालवितात, ती बंद पडतील. ही भीती खोटी नाही. परंतु निधी झाला तर एका दाव्याने घर विकण्याची पाळी त्यांच्यावरही येणार नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

फिटरची तक्रार अजून आयोगापुढे आहे. पुढची तारीख जूनमध्ये आहे. परिचारिकेने साक्ष देण्याचे कबूल केले आहे. नाडीचे आकडे कोणी सांगून लिहविले, हे ती सांगणार आहे. तिच्या नोकरीचा दावा मी वेगळा लावला आहे.