पोटाखालची दारं

जुन्या घरगुती संगणकांपैकी एक उलटा करून पाहावा असा आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’. तो डिसेंबर १९८१ मध्ये आला. आपल्याकडेही १९८४ पासून सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून तो निवडक शाळांत पोहोचला.

त्याच्या ‘बी’ मॉडेलची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. मोबाइलमधला एक फोटोही तीत मावायचा नाही. पण कळफलकाच्या खाली, पोटाशी, ओळीनं पोर्ट होते. डिस्कचा, प्रिंटरचा, त्यांची कामं ठरलेली. ‘यूजर पोर्ट’ मात्र कोरा! आठ तारा, आणि कोणती चालू, कोणती बंद, हे तुम्ही बेसिक भाषेत लिहिलेली ओळ ठरवणार. शाळांतल्या मुलांनी त्यावर दिवे लावले, छोट्या गाड्या फिरवल्या. आम्हा कवींना हेवा वाटावा अशी गोष्ट. आमच्या ओळीनं टेबलावरचं काही हलत नाही.

स्वस्त यंत्रांत हे दार कच्चं असे. सिंक्लेअरच्या ‘झेडएक्स ८१’ ला एकच किलोबाइट स्मृती. मागे सोळा किलोबाइटची डबी खोचायची. ती जरा हलली की टाइप केलेलं सगळं गायब. लोक ती चिकटवून ठेवत.

मायक्रोचं सर्वांत नवलाचं दार म्हणजे ‘ट्यूब’. तिथं दुसरा प्रोसेसर जोडता येई. मग हिशेब पाहुण्यानं करायचा आणि कळफलक, पडदा यजमानानं सांभाळायचा. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी नवा प्रोसेसर आखला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळा संगणक तयारच नव्हता. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली. ट्यूबमधून ती मायक्रोला जोडली आणि चालली. फर्बर यांनी वीज किती लागते ते मोजायला घेतलं, तर मीटरवर शून्य! चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. हीच ती ‘आर्म’. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये तिचाच वंश आहे.

त्या मोबाइलला मात्र खाली एकच भोक, आणि त्यातून काय करू द्यायचं ते बहुतेक कंपनीच ठरवते. मला हे खटकतं. म्हणून २०१२ मध्ये केंब्रिजमधूनच ‘रास्पबेरी पाय’ निघाला, तेव्हा बरं वाटलं. आत आर्म, आणि कडेला २६ पिना उघड्या. मुलं पुन्हा दिवे लावू लागली.