शाळेच्या कपाटातील मलम

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज पाठनियोजन बाजूस ठेवून मी एका लहानशा नळीविषयी बोलणार आहे. चौथीच्या वर्गावर असताना मी शाळेच्या कपाटात कापसाशेजारी मलमाची एक नळी ठेवीत असे. दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली. एका मुलाच्या मानेवर गजकर्णाचा चट्टा दिसला, तेव्हा मी स्वतःच्या हाताने ते मलम लावले. दोन दिवसांत खाज थांबली, लाली ओसरली. मला धन्यता वाटली. महिन्याभरात चट्टा गालापर्यंत पसरला आणि त्याची धाकटी बहीणही खाजवू लागली. डॉक्टरांनी नळी पाहून ‘हे कोणी दिले?’ असे विचारले. उत्तर द्यावयास मला फार वेळ लागला.

त्या नळीत बीटामेथासोन हे स्टेरॉइड होते. ते दाह दाबते, पण गजकर्णाची बुरशी मारीत नाही. उलट त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशीस मोकळे रान मिळते. चट्ट्याची ओळखीची कडा पुसट होते व निदानही अवघड होऊन बसते. असे मलम दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ पडते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठते. काखेत व जांघेत पडलेल्या चिरा तर कायमच्या राहतात. मुलांच्या त्वचेतून औषध अंगात अधिक शोषले जाते. डोळ्यांभोवती ते फार दिवस लावल्यास काचबिंदूचे भय असते. गोरेपणासाठी हीच मलमे तोंडाला फासणारेही आपल्या ओळखीत निघतील!

2018 साली केंद्र शासनाने अशी लावावयाची स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात, हे आपण जाणतोच.

याचा अर्थ हे औषध विष आहे असा नव्हे. इसबावर डॉक्टर ते देतात व गुणही येतो. मात्र जागा, प्रमाण आणि दिवस त्यांनी ठरवावयाचे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेले मलम दोन तळव्यांएवढ्या जागेस पुरते. कोणी महिनोन्‌महिने लावीत असेल, तर त्यास एकाएकी बंद करावयास सांगू नका. लाली व आग उसळून येते. आधी डॉक्टरांस दाखवू द्या.

चट्टा दिसलेल्या मुलाचे नाव टिपून ठेवा, पालकांस प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगा आणि आरोग्य तपासणीचे पथक शाळेत आले की ते मूल पुढे करा. घरात आणखी कोणास खाज आहे काय, तेही विचारा. टॉवेल बहुधा एकच असतो.

पुढील भेटीत मी हजेरीपटाबरोबर कपाटही उघडून पाहीन.