खराट्यामागचं मन

तपासणीला साहेब यायचे असले म्हणजे शाळा कशी लख्ख होते, हे गुरुजींना सांगायला नको. अंगण झाडून निघतं, चुन्याच्या रेघा पडतात. साहेबांची गाडी वेशीबाहेर गेली, की चार दिवसांत पुन्हा जैसे थे. झाडणं काही खोटं नव्हतं. पण ते साहेबांसाठी होतं.

याच्या शेजारी गाडगेबाबांचा खराटा ठेवून पाहावा. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी १९०५ मध्ये घराबाहेर पडले. अंगावर चिंध्या, हातात गाडगं. गावात शिरले की कुणाची ओळखदेख न काढता झाडायला लागायचे. मग कुणी भाकरी दिली तर ती गाडग्यात घ्यायची. रात्री कीर्तन. दिवसा रस्त्यातली घाण काढली, आता डोक्यातली काढू, असा त्यांचा रोख. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, देवापुढं बकरं मारू नका, पोरांना शाळेत घाला. हे सारं वऱ्हाडी बोलीत, समोरच्यांनाच प्रश्न विचारून विचारून!

कुणी म्हणेल, झाडणं तर शाळेचा गडीही करतो. खरं आहे. मग फरक ओळखावा कसा? मला वाटतं, मानपान पुढं आला म्हणजे माणूस काय करतो, ते पाहावं. लोक पाया पडायला धावत, तर बाबा काठी उगारीत. लोकांच्या पैशांतून ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांची राहणी होती तशीच राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आत काही भरलेलं होतं, म्हणून बाहेरून परत काही यावं असं त्यांना वाटलं नसावं.

आता, आधी मन शुद्ध होऊ द्या, मग खराटा धरू, असं कुणी म्हणाल तर ती शुद्ध पळवाट झाली. बाबांचं मन झाडता झाडताच तसं घडलं असावं, असा माझा तर्क आहे.

गुरुजींना एक मात्र विचारतो. उशिरा आलेल्या मुलाला वर्ग झाडायची शिक्षा कित्येक ठिकाणी देतात. त्यातून तो काय शिकला? झाडणं हलकं काम, ते अपराध्यानं करायचं. हाच मुलगा उद्या ग्रामसफाईच्या फेरीत आला, तरी लोकांची नजर चुकवूनच झाडील.