यंत्राभोवतीचे कुंपण

(कात्रप, बदलापूर पूर्व येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कात्रपमधील पुष्कळ घरांचे घड्याळ लोकलच्या वेळेवर नाही तर कारखान्याच्या पाळीवर चालते. पहिल्या पाळीला जाणाऱ्याचा डबा भल्या पहाटे भरला जातो. तो माणूस हातीपायी धड परत यावा, ही अपेक्षा आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे कायदा आहे आणि त्या कायद्याला इतिहास आहे, याचा विसर पडतो. हा इतिहास बराचसा याच ठाणे-मुंबई परिसरात घडलेला आहे.

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ १८५४ साली रोवली गेली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी उजाडल्यापासून मावळेपर्यंतची पाळीही रूढ झाली. लहान मुलेही राबत. एका लांब दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी यंत्रांना गती मिळे. त्या उघड्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर सापडला की माणूसच ओढला जाई. साप्ताहिक सुटी हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर पहिला कायदा १८०२ साली झाला होता आणि १८३३ पासून सरकारी निरीक्षक नेमले गेले होते. हिंदुस्थानात कायदा यावा म्हणून लँकेशायरच्या गिरणीमालकांनीच आग्रह धरला, तो मात्र केवळ भूतदयेपोटी नव्हता. मुंबईचे स्वस्त कापड त्यांना सलत होते. त्यामुळे त्या काळच्या राष्ट्रीय वृत्तीच्या अनेक पत्रांनी या कायद्याला विरोध केला. तो विरोध समजण्याजोगा होता, पण अपुरा होता. परक्याचा हेतू ओळखण्याच्या भरात आपल्याच मुलाचे तुटलेले बोट नजरेआड झाले, हे आज मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अपवादही होते. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ साली स्वतः विधेयकाचा मसुदा तयार केला होता.

अखेर १८८१ चा फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि धोकादायक यंत्रांभोवती कुंपण, एवढेच त्याचे सार. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी त्यात एक शब्द नव्हता. शिवाय शंभरांहून कमी माणसे असलेला कारखाना त्याच्या कक्षेबाहेर होता.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येते. १८४८ साली ठाण्यात जन्मलेल्या या सत्यशोधक कार्यकर्त्याने गिरणीत नोकरी करताना सारे जवळून पाहिले होते. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र त्यांच्या हाती आले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, आणि अपघातात जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार व जन्माचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय, अशा त्यांच्या मागण्या होत्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटीला स्थान मिळाले. नुकसानभरपाईचा कायदा मात्र १९२३ साली झाला. म्हणजे ती मागणी एकोणचाळीस वर्षे वाट पाहत होती! लोखंडे तो दिवस पाहण्यास राहिले नव्हते. १८९७ च्या प्लेगात त्यांचे निधन झाले.

शेजारच्या अंबरनाथचेही एक उदाहरण आहे. पूर्वी काडेपेट्यांच्या कारखान्यात पांढरा फॉस्फरस वापरीत. त्याच्या वाफेने कामगाराच्या जबड्याचे हाड सडत असे. १९१३ च्या कायद्याने अशा काड्यांना हिंदुस्थानात बंदी घातली. अंबरनाथचा काडेपेटीचा प्रसिद्ध कारखाना त्यानंतर उभा राहिला. त्यामुळे तेथील कामगारांच्या वाट्याला तो रोग आला नाही. जो अपघात घडतच नाही त्याची बातमी होत नाही, म्हणून कायद्याचे हे यश कोणाच्या ध्यानी येत नाही.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ साली, आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर आली. १९४८ च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या, दहा कामगारांच्या कारखान्यालाही कक्षेत घेतले. शंभर, पन्नास, वीस, दहा असा हा उंबरठा खाली खाली येत गेला. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तेरा जुने कायदे एकत्र केले. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यात हा आकडा पुन्हा वीस झाला आहे. धोकादायक कामासाठी एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे. तो किती तत्परतेने वापरला जातो, यावर लहान रासायनिक युनिटमधील कंत्राटी कामगाराचे भवितव्य अवलंबून राहील.

कारण धोका कुंपणाच्या आत थांबत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये वायूने झोपलेली वस्ती गाठली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये स्फोट झाले, तेव्हा दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. भोपाळनंतर, १९८७ साली, कायद्यात दोन गोष्टी आल्या आणि त्या नव्या संहितेतही कायम आहेत. प्राणावर बेतेल असा धोका दिसल्यास तो मालकाच्या निदर्शनास आणून देण्याचा कामगाराचा हक्क, ही पहिली. दुसरी थेट कात्रपकरांच्या कामाची आहे: धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्याने तेथील धोके आणि त्यावरील उपाय यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या रहिवाशांनाही दिली पाहिजे. ती मिळाली नसेल, तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकाराखाली विचारणा करता येते. अर्ज मराठीत चालतो.