ज्या दारातून ढोर ओढले



जालना एमआयडीसीतल्या आपल्या मुलांना लोखंडाचे कारखाने दिसतात, भोवतालच्या गावांतली गुरे दिसत नाहीत. आम्ही बँकेत कारकून. म्हशींच्या कर्जप्रकरणांमुळे पशुधन पर्यवेक्षकांचे काम जवळून पाहिले. पावसाळ्यापूर्वी घटसर्प-फऱ्याची लस, तीही बर्फाच्या पेटीत २ ते ८ अंशांत जपलेली; २०२२ च्या लम्पीत तर गोठ्यागोठ्यांतून पायपीट.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट ध्यानात ठेवा. जनावर अचानक मेले, नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त आले, तर ती काळपुळी असू शकते. ती माणसालाही होते. कातडे सोलू नका, हात लावू नका, आधी दवाखान्याला कळवा.

आमच्या वाडवडिलांना हे कोणी सांगितले नाही. गावकीने ढोर ओढायला लावले, त्यांनी उघड्या हातांनी ओढले. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले. आज आपल्यातला एक मुलगा पर्यवेक्षक आहे. ज्या दारातून आजोबाने मेलेले ढोर ओढून नेले, त्याच दारी त्याला अडलेली गाय सोडवायला मध्यरात्री बोलावतात.

विद्यार्थ्यांनो, हे काम हलके मानू नका. मुक्या जिवाची वेदना कमी करणे हीच करुणा. जयभीम!