मनाच्या दुखण्याचें शिक्षण

माझ्या वर्गांत एक मुलगा महिनोन्महिने मुकाट बसे. मीं त्याला आळशी समजून छड्या मारल्या. त्याचें मन आजारी होतें, हें मला फार उशिरां कळलें.

मुंबईस १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवें समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मानसिक आरोग्याचें शिक्षण तेथें पदवीधरांस मिळत आलें आहे. त्यासाठीं वस्त्यांतून व इस्पितळांतून प्रत्यक्ष कामहि करावें लागतें. शेजारची मुलगी तेथें जाऊं म्हणते. "वेड्यांत कशाला?" असें तिचे वडील विचारतात. औषध डॉक्टर देईल. पण रोग्याच्या घरच्यांस समजावून त्याला पुन्हां चारचौघांत आणणारें माणूस शिकूनच तयार होतें. मजपाशीं तें ज्ञान असतें तर हातांत छडी आली नसती. तिला अडवूं नका.