अंधार हवा, शेजार नको

गोव्यात दाबोळीला उतरताना आपण नौदलाच्या तळावर उतरतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. अमेरिकी नौदलाकडे मात्र अशाही धावपट्ट्या आहेत, जिथं प्रवासी येत नाहीत आणि विमानं मुक्कामही करत नाहीत.

फ्लोरिडात मिल्टनजवळ व्हायटिंग फील्ड हा तळ 1943 साली सुरू झाला. तिथल्या नवशिक्या वैमानिकांनी एकाच ठिकाणी सराव केला, तर आकाशात रांगा लागतील. म्हणून आसपास, थेट अलाबामापर्यंत, छोटे उपतळ आहेत. चाकं टेकवायची, लगेच इंजिनाचा जोर वाढवून वर जायचं, वळसा घालून परत यायचं. पाटीवर अक्षर गिरवतात तसं उतरणं गिरवायचं. अलाबामातल्या बॅरिन फील्डवर महायुद्धाच्या काळात इतके अपघात झाले, की लोक त्याला ‘रक्ताळलेलं बॅरिन’ म्हणू लागले.

विमानवाहू जहाजावर उतरण्याचा सराव याहून अवघड. व्हर्जिनियातल्या फेंट्रेस इथं धावपट्टीवर जहाजाच्या डेकएवढीच जागा दिव्यांनी आखलेली असते. कडेला उभा असलेला अधिकारी प्रत्येक उतरण्याला शेरा देतो. यासाठी अंधार हवा, समुद्रावर असतो तसा मिट्ट. पण आजूबाजूला वस्ती वाढली, दिवे वाढले, आवाजाच्या तक्रारीही आल्या.

तेव्हा नौदल अंधाराच्या शोधात निघालं. 2003 साली उत्तर कॅरोलिनात नव्या उपतळासाठी सुमारे 30 हजार एकर जागा पसंत पडली. अंधार होता, वस्ती विरळ होती. पण पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे शेतकरी होते, आणि जवळच पोकोसिन लेक्स अभयारण्य. तिथं हिवाळ्यात टुंड्रा हंस आणि स्नो गूज मिळून लाखभर पक्षी उतरतात. सहा-सात किलोचा हंस लढाऊ विमानाच्या इंजिनात गेला तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? तरीही नौदल हटून बसलं. शेतकरी, पक्षीप्रेमी आणि एरवी पक्षीप्रेमींशी न पटणारे शिकारीसुद्धा एकत्र आले. प्रकरण कोर्टात गेलं. पर्यावरणाचा अभ्यास अपुरा ठरला. अखेर जानेवारी 2008 मध्ये नौदलानं त्या जागेचा नाद सोडला. मग व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिनातल्या आणखी पाच जागा पाहिल्या. तिथंही गावकरी विरोधात उभे राहिले. सराव अजून फेंट्रेसलाच चालतो.